वीजवाहिनीखालचे आयुष्य : प्रस्तावना

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा मुलूख ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तप्त रसाच्या रूपाने भूगर्भातून वर आला, थरावर थर चढवीत निवत गेला, आणि निवत असताना त्यातील लोहयुक्त खनिजांनी त्या त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्या अंगी कायमची धारण केली. भूवैज्ञानिकांनी या थरांच्या एका मोठ्या गटास वाईचे नाव दिले आहे, आणि त्यातील आंबेनळी व महाबळेश्वर ही नावे जगभरच्या भूशास्त्रीय ग्रंथांत रूढ झाली आहेत. १९५०च्या दशकात दख्खनच्या या खडकांची चुंबकीय परीक्षा झाली, तेव्हा भारतभूमी एके काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती याचा सबळ दाखला त्यांतून मिळाला. घाटातील खालचे थर उलट ध्रुवतेचे आणि त्यांच्यावरचे काही थर आजच्यासारख्या ध्रुवतेचे आहेत. हा पाषाण साचत असतानाच पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल झाली, अशी या थरांच्या दप्तराची साक्ष आहे. त्यानंतर या पठारावर जे जे प्राणी जन्मले, वाढले आणि वृद्ध झाले, ते सर्व या एकाच मंद, जवळजवळ स्थिर क्षेत्राच्या सहवासात. आज आपल्या भागात त्याचे बळ ४० मायक्रोटेस्लाहून थोडे अधिक भरते.

या पुरातन क्षेत्रात दुसऱ्या एका क्षेत्राची भर पडली, ती गेल्या शतकात. पाटण तालुक्यात कोयनेवर धरण बांधले गेले, तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस पोफळीकडे सोडण्यात आले, आणि १९६०च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने वाढत १९६० मेगावॅटपर्यंत पोहोचलेली तेथील वीज राज्यभर वाहून नेण्यासाठी डोंगर-दऱ्यांतून पोलादी मनोऱ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढे वनकुसवडे व चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या, ताकारी, म्हैसाळ आणि टेंभूच्या उपसा योजनांना प्रचंड वीज लागू लागली, आणि या दोन जिल्ह्यांच्या आकाशात तारांचे जाळे दाट होत गेले. या तारांतील प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. त्यामुळे त्यांच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही सेकंदात शंभर वेळा आपली दिशा पालटते. उच्चदाबाच्या वाहिनीच्या अगदी खाली ते साधारणपणे काही मायक्रोटेस्लांपासून वीसेक मायक्रोटेस्लांपर्यंत असते आणि अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. सामान्य घरात त्याचे प्रमाण मायक्रोटेस्लाच्या दशांशाइतके किंवा त्याहूनही कमी असते. अंकांच्या हिशेबाने हे नवे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा दुबळे आहे. परंतु पृथ्वीचे क्षेत्र शांत आहे आणि हे अखंड कंप पावणारे आहे. असे कंप पावणारे क्षेत्र कोणत्याही प्राणिवंशाच्या पूर्वजांनी कधी अनुभवलेले नव्हते, आणि या विषयाचे सारे गांभीर्य या एका गोष्टीत आहे.

पुढील प्रकरणांत ज्याचा विचार केला आहे तो प्रश्न असा : अशा मंद वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राने प्राण्यांच्या वर्तनात काही फरक पडतो काय, आणि त्यांच्या वार्धक्याच्या गतीशी त्याचा काही संबंध पोहोचतो काय? वर्तन आणि वार्धक्य हे दोन विषय एका ग्रंथात का आणले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर यथावकाश मधमाशीच स्वमुखाने देईल. तूर्त एवढेच नमूद करतो, की मनुष्याच्या आरोग्याचा प्रश्न येथे मुख्य धरलेला नाही. त्या प्रश्नावर १९७९ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरातील बालकांच्या रक्तकर्करोगाच्या पाहणीपासून पुष्कळ लिहिले गेले आहे. २००२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा क्षेत्रांना ‘कदाचित कर्ककारक’ या सावध वर्गात घातले. आणि २०१० साली सर्वसामान्य जनतेसाठी ५० आवर्तनांच्या क्षेत्राची शिफारस केलेली आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला ठरली. ती चर्चा तिच्या जागी राहो. मुक्या प्राण्यांची कैफियत ऐकणारे मात्र फार थोडे आहेत, आणि त्यांचा प्रश्न अनेक अंगांनी अधिक मूलभूत आहे, कारण चुंबकीय क्षेत्राची जाणीव असणारी इंद्रिये त्यांच्यापाशी आहेत याचे पुरावे आज हाती आहेत.

हे पुरावे सहज मिळालेले नाहीत. १९६०च्या दशकात फ्रँकफुर्ट येथे वोल्फगांग विल्च्को यांनी युरोपीय रॉबिन पक्ष्यांना पिंजऱ्यात ठेवून त्यांच्याभोवतीचे क्षेत्र कृत्रिम रीतीने फिरविले, तेव्हा स्थलांतराच्या ऋतूत त्या पक्ष्यांची ओढही त्याच्याबरोबर फिरली. १९७१ साली अमेरिकेत विल्यम कीटन यांनी घरी परतणाऱ्या कबुतरांच्या अंगावर छोटे चुंबक बांधले, आणि ढगाळ दिवशी, म्हणजे सूर्याचा आधार नसताना, ती कबुतरे गोंधळली. मधमाश्यांच्या नृत्यात जी बारीक चूक नियमाने आढळते तिचा संबंध पृथ्वीच्या क्षेत्राशी आहे, हे लिंडाउअर व मार्टिन यांनी दाखविले. या जाणिवेचे साधन कोणते, याविषयी दोन मते प्रबळ आहेत : एका मतानुसार शरीरातील मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण होकायंत्रासारखे वळतात, दुसऱ्या मतानुसार डोळ्यातील क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनात प्रकाश पडताच मुक्त मूलकांच्या ज्या जोड्या निर्माण होतात, त्यांच्या रासायनिक गतीवर दुर्बल क्षेत्रही परिणाम करू शकते. हे दुसरे मत १९७८ साली क्लाउस शुल्टेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले आणि २००० साली त्यास क्रिप्टोक्रोमचा आधार मिळाला. त्याविरुद्ध येल विद्यापीठाचे पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट अडेअर यांनी १९९१ साली अशी हरकत घेतली, की तारांखालच्या दुबळ्या क्षेत्राची ऊर्जा शरीरातील रेणूंच्या उष्माजन्य हालचालीपुढे इतकी नगण्य आहे, की तिचा काही परिणाम होणे संभवनीय वाटत नाही. ही हरकत वजनदार आहे. ती खोडून काढल्याशिवाय कोणी मोठे दावे करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुराढोरांच्या बाबतीत या वादाने विशेष रंजक वळण घेतले. २००८ साली साबीने बेगाल, हायनेक बुर्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांतून जगभरच्या ३०८ कुरणांतील ८,५१० गुरांची दिशा मोजली आणि चरताना वा विसावताना गुरे उत्तर-दक्षिण रेषेस धरून उभी राहतात असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी याच मंडळींनी वीजवाहिन्यांखालच्या व शेजारच्या गुरांची पाहणी केली; तेथे ही शिस्त मोडलेली आढळली, आणि तारांपासून जसजसे दूर जावे तसतशी ती पुन्हा दिसू लागते असे त्यांनी नोंदविले. हा शोध खरा ठरला तर ५० आवर्तनांच्या क्षेत्राचा परिणाम मोठ्या सस्तन प्राण्यावर, उघड्या रानात, नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो असे म्हणावे लागेल. परंतु २०११ साली चेक संशोधकांच्या दुसऱ्या एका गटाने स्वतंत्र छायाचित्रे तपासली आणि त्यांस असा कल आढळला नाही. वाद अद्याप पुरता मिटलेला नाही.

आपल्या माणदेशात, म्हणजे दहिवडी, म्हसवड, आटपाडी आणि जतच्या माळरानांवर, खिल्लार जनावरांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि त्या माळांवरून वीजवाहिन्याही गेल्या आहेत. दावणीला बांधलेला बैल दिशेची साक्ष देऊ शकत नाही, कारण त्याचे तोंड मालकाने ठरविलेल्या बाजूस असते. साक्ष द्यावी ती मोकळ्या चरणाऱ्या कळपाने. तशीच संधी सागरेश्वरास आहे. देवराष्ट्र्यानजीकचे हे अभयारण्य धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरावर झाडे लावून उभे राहिले आणि १९८५ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याच्या साडेदहा चौरस किलोमीटरांहून थोड्या अधिक कुंपणबंद क्षेत्रात चितळ, सांबर आणि काळवीट वावरतात. बुर्डांच्या पाहणीत हरणेही होती. वारा कोणत्या बाजूने वाहतो आणि ऊन कोठून पडते यांची नोंद घेऊन, त्यांचा प्रभाव वजा करून, सागरेश्वरच्या हरणांची दिशा वर्षभर टिपली गेली, तर युरोपातील या तंट्यात सांगली जिल्ह्याची साक्ष निर्णायक ठरू शकेल.

तथापि या साऱ्या विषयात माझे मन सर्वाधिक गुंतले आहे ते मधमाशीत, आणि वाचकांनी तिच्यासाठी थोडा अधिक अवकाश द्यावा अशी माझी विनंती आहे. महाबळेश्वर हे या राज्यातील मधोत्पादनाचे जुने केंद्र. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथेच आहे, आणि तेथून जवळच असलेल्या मांघर या गावास २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर करण्यात आले. येथील मधपाळ पेटीत जी माशी पाळतात ती सातेरी. कड्यांवर आणि उंच झाडांवर मोठमोठी पोळी लावणारी आग्या माशी ती वेगळी. जांभूळ, हिरडा आणि गेळा यांच्या फुलोऱ्यावर या डोंगरातील मधाचा हंगाम उभा असतो. अशा प्रदेशात माशीच्या दिशाज्ञानास जरा जरी धक्का पोहोचला, तरी त्याचा परिणाम केवळ मधाच्या आमदनीवर थांबणार नाही. फळधारणा, बीजधारणा आणि जंगलाचे पुनरुज्जीवन यांपर्यंत तो जाईल.

साऊदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत युरोपीय मधमाश्यांना ५० आवर्तनांच्या, २० मायक्रोटेस्लांपासून पुढच्या क्षेत्रांत ठेवले, तेव्हा त्यांची शिकण्याची क्षमता घटली, पंखांच्या हालचालीत फरक पडला आणि अन्नाच्या शोधात यशस्वी उड्डाणे करणाऱ्या माश्यांची संख्या कमी झाली. २०२३ साली चिली देशात वीजमनोऱ्यांशेजारच्या फुलांवर माश्यांच्या भेटी आणि त्या फुलांची बीजधारणा, दोन्ही घटल्याचे प्रसिद्ध झाले. या निष्कर्षांनी घाबरून जाण्यापूर्वी एक जुनी हकीकत ध्यानात घेतली पाहिजे. १९८०च्या सुमारास अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीखाली मधपेट्या ठेवल्या होत्या. त्यांतील माश्या बेचैन झाल्या, पेट्यांचे वजन वाढेना, राळ गोळा करण्याचे प्रमाण वाढले आणि राण्या नष्ट होऊ लागल्या. सकृद्दर्शनी दोष चुंबकीय क्षेत्राचा वाटला. परंतु ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसोशीने शहानिशा केली, तेव्हा विद्युत क्षेत्रामुळे पेटीत प्रवाह उत्पन्न होऊन माश्यांना बारीक धक्के बसत होते असे निष्पन्न झाले; पेटीवर धातूचे आच्छादन घालून ते विद्युत क्षेत्र अडविताच माश्या पूर्ववत झाल्या. तारांखाली दोन क्षेत्रे असतात, एक विद्युत आणि एक चुंबकीय, आणि एकाचा अपराध दुसऱ्याच्या माथी मारणे फार सोपे असते.

या चुकीपासून सावध करणारी याहून मोठी शिकवण आपल्याच चाळकेवाडीच्या पठारावर मिळाली आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर यांनी आमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासह तेथील सरड्यांचा अभ्यास केला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागांत शिकारी पक्ष्यांची संख्या सुमारे चौपटीने कमी होती. त्यामुळे पंख्यासारखा गळा फुलविणाऱ्या सरड्यांची संख्या वाढली होती, त्यांच्या रक्तातील तणावाचे संप्रेरक घटले होते, आणि मनुष्य जवळ आला तरी ते पूर्वीइतके लवकर पळत नव्हते. वर्तनात बदल, शरीरात बदल, संख्येत बदल, आणि या सर्वांचे मूळ घारी-ससाण्यांच्या अनुपस्थितीत! कोणी घाईने त्या सरड्यांच्या निर्भयतेचे श्रेय किंवा दोष पवनचक्कीच्या वीजतारांच्या चुंबकत्वास दिला असता, तर तो सफाईदार पण सर्वस्वी चुकीचा निष्कर्ष ठरला असता. सातारा जिल्ह्याने जगाच्या विज्ञानास दिलेला हा धडा मला फार मोलाचा वाटतो, आणि पुढील प्रत्येक प्रकरण वाचताना वाचकाने तो मनाशी धरावा.

आता वार्धक्याकडे वळतो. वार्धक्यात पेशींची झीज मुक्त मूलकांमुळे होते, असा सिद्धांत डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली मांडला. तो जसाच्या तसा आज कोणी मानीत नाही. परंतु पक्ष्याच्या डोळ्यातील होकायंत्र आणि पेशीची जीर्णता, या दोहोंच्या स्पष्टीकरणात तीच अल्पायुषी रासायनिक द्रव्ये यावीत, ही गोष्ट जिज्ञासूस स्वस्थ बसू देत नाही. शिवाय क्रिप्टोक्रोम हे प्रथिन अनेक जीवांच्या दैनंदिन घड्याळाचाही भाग आहे, आणि हे घड्याळ बिघडले की आयुष्याची लय बिघडते. २०१४ साली लेस्टर येथील संशोधकांनी मंद निळ्या प्रकाशात वाढविलेल्या फळमाश्यांच्या या घड्याळाचा काल मंद वारंवारतेच्या क्षेत्राने बदलतो असे दाखविले. पण २०२३ साली ओल्डेनबर्गच्या शास्त्रज्ञांनी जवळजवळ एक लाख फळमाश्यांवर अधिक कडक बंदोबस्तात प्रयोग केले, तेव्हा चुंबकीय क्षेत्राचा त्यांच्या वर्तनावर कोणताही परिणाम आढळला नाही. उंदरांविषयी सांगायचे, तर अमेरिकेच्या शासकीय विषशास्त्र कार्यक्रमात त्यांना दोन वर्षे, म्हणजे जवळजवळ त्यांचे सारे आयुष्य, १,००० मायक्रोटेस्लांपर्यंतच्या क्षेत्रांत ठेवण्यात आले; १९९९च्या त्या अहवालात कर्करोगाचा स्पष्ट पुरावा नव्हता, केवळ एका ग्रंथीविषयी संदिग्ध निष्कर्ष होता. अशा प्रयोगांत एक अडचण नेहमी असते. कमी खाणारा उंदीर अधिक जगतो, हे क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ सालीच दाखवून दिले आहे. क्षेत्राने उंदराची भूक जरा मंदावली, तर तो अधिक जगेल आणि क्षेत्र आयुष्यवर्धक असल्याचा आभास होईल. वार्धक्याचा विचार वर्तनावाचून करता येत नाही, तो या कारणाने.

मधमाशीत हे नाते अगदी उघड होते. हंगामातील कामकरी माशी साधारण सहा आठवडे जगते. त्यांतील पहिला काळ ती पोळ्यात राहून पिलांचे संगोपन व इतर कामे करते, उरलेला काळ बाहेर फिरून मध व पराग आणते. आंद्रेआ नॉयकिर्ख यांनी १९८२ साली दाखविले, की बाहेर पडणारी युरोपीय माशी साधारणपणे ८०० किलोमीटर उडून झाल्यावर मरते, मग ते अंतर तिने थोड्या दिवसांत तोडलेले असो वा अधिक दिवसांत. तिचे वार्धक्य पंचांगाने मोजले जात नाही, श्रमाने मोजले जाते. म्हणून तारांखालच्या क्षेत्राने तिच्या पेशींस काडीचाही अपाय न करता केवळ तिची दिशा चुकविली, फुलापर्यंतची वाट थोडी लांबविली, परतीच्या उड्डाणांत हेलपाटे वाढविले, तर तिच्या वाट्यास आलेले अंतर लवकर संपेल आणि ती अकाली वृद्ध होईल. हे अनुमान आहे. सातेरीवर कोणी त्याची कसोटी घेतलेली माझ्या वाचनात नाही. पण वर्तन आणि वार्धक्य या दोन विषयांची एकाच ग्रंथात गाठ घालण्यास एवढे अनुमान पुरेसे आहे, आणि त्याची परीक्षा साताऱ्यातच व्हावी असा माझा आग्रह आहे.

परीक्षा कशी व्हावी याचा आदर्श महाराष्ट्रात जुना आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जात होते. शहरात विजेच्या ट्राम धावणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहांनी वेध दूषित होतील हे ओळखून संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय उपकरणे अलिबागेस हलविण्याची तजवीज केली. १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन, दोहोंचा मेळ बसल्याची खातरजमा झाल्यावरच कुलाब्याचे काम थांबविण्यात आले. ट्राम हव्यात की नकोत, असा वाद त्यांनी घातला नाही. विजेच्या क्षेत्राचा उपद्रव किती आणि कोठवर पोहोचतो एवढे मोजले आणि त्याप्रमाणे वागले. कोयनेच्या विजेने या राज्यातील असंख्य घरांत दिवा लावला आहे, आणि माझ्या मनात त्या विजेविषयी कृतज्ञताच आहे. दीर्घ धीराने मोजमाप करण्याची परंपराही साताऱ्यास परकी नाही : ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर कोयनेच्या परिसरातील भूमीचा प्रत्येक कंप नोंदला जात आहे, कराडनजीक हजारमाचीस त्यासाठी केंद्र शासनाची प्रयोगशाळा आहे, आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्रही घेण्यात आले आहे.

त्याच धीराने मधमाशीचा प्रयोग मांडता येईल. पाटण किंवा कराड तालुक्यातील एखादी उच्चदाबाची वाहिनी निवडावी. एकाच वंशाच्या राण्या असलेल्या सातेरीच्या पेट्या तारांखाली, तारांपासून ५०, १०० आणि ३०० मीटरांवर, आणि डोंगराआड अगदी निवांत जागी ठेवाव्यात. निम्म्या पेट्यांना विद्युत क्षेत्र अडविणारे धातूचे जाळीदार आच्छादन घालावे, म्हणजे इलिनॉयमधली गफलत येथे होणार नाही. प्रत्येक ठिकाणचे क्षेत्र दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी मोजावे, कारण तारांतील भार सकाळी, दुपारी आणि रात्री सारखा नसतो. फुलोरा, पाऊस, मेणकिडा आणि वेडा राघूसारखे माशीभक्षक पक्षी यांची स्वतंत्र नोंदवही असावी. नवजात माश्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका देऊन त्या कितव्या दिवशी प्रथम बाहेर पडतात, किती वेळाने परततात आणि कितव्या दिवशी पेटीत दिसेनाशा होतात, हे मांडावे. आणि मोजणाऱ्यास कोणती पेटी कोठली आहे हे ठाऊक नसावे. हे काम महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आणि मधपाळांनी मिळून करण्यासारखे आहे, त्यास फार खर्च लागत नाही, आणि एका हंगामाने ते पुरे होणार नाही, निदान तीन हंगाम तरी लागतील. पाऊस ओसरून पेट्या पुन्हा भरू लागल्या की पहिल्या नोंदीस आरंभ करता येईल.